अंगणातले झाड आणि भाडेकरूचे बिऱ्हाड
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनासारख्या आनंदाच्या प्रसंगी कायद्याचा रुक्ष विषय काढावा ही कल्पना माझी नव्हे, तुमच्या चिटणीसबाईंची. त्यांचे म्हणणे असे की, पाककृती, बालसंगोपन आणि आरोग्य ह्यांवर मंडळात दर वर्षी व्याख्याने होतात. परंतु ज्या घरात बाईचा सारा दिवस जातो, त्या घराचा कायदा मात्र तिला कोणी सांगत नाही. मला ते पटले. त्यातून पावसाळा महिन्याभरावर आला आहे. म्हणून आज एकच प्रश्न घेते. घरमालकाच्या आवारातले झाड किंवा त्याची फांदी भाडेकरूच्या सामानावर पडली, तर नुकसान कोणी सोसावयाचे?

हा प्रश्न विचारला की दोन उत्तरे ठरलेली येतात. भाडेकरू म्हणतो, "झाड मालकाचे, तेव्हा भरपाईही मालकाचीच." मालक म्हणतो, "वारा काय मी सोडला? ही देवाची करणी." भगिनींनो, कायद्याला ह्यांतले एकही उत्तर पुरे वाटत नाही. झाड आपले आहे, एवढ्यानेच कोणी दोषी ठरत नाही. आणि वारा सुटला होता, एवढ्यानेच कोणी सुटत नाही. कायदा एक साधी गोष्ट विचारतो. झाडापासून धोका आहे हे मालकाला ठाऊक होते काय? ठाऊक नसल्यास, डोळे उघडे ठेवणाऱ्या सामान्य माणसाला ते कळले असते काय? आणि कळल्यावर त्याने काय केले? ह्याला निष्काळजीपणाचा कायदा म्हणतात. तो एखाद्या पुस्तकात कलमवार लिहिलेला नाही. न्यायालयांच्या निकालांतून तो घडत आला आहे.

त्यातला आपल्या देशातला एक महत्त्वाचा निकाल सांगते. १९६४ साली दिल्लीत एक गृहस्थ स्कूटरवरून घरी चालले होते. रस्त्याकडेच्या झाडाची फांदी मोडून त्यांच्या डोक्यावर पडली आणि त्यात ते गेले. त्यांच्या घरच्यांनी महानगरपालिकेवर दावा लावला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९९ साली निकाल लागला. ते झाड वाळून धोक्याचे झालेले होते. पालिकेच्या उद्यान खात्याने वेळोवेळी पाहणी करून ते काढावयास हवे होते. ते काढले नाही म्हणून पालिका जबाबदार, असे न्यायालयाने सांगितले. निकालातला नियम आपल्या कामाचा आहे. आपल्या जागेतले झाड वाळलेले वा मेलेले असेल, ते पडण्याचा संभव असेल, आणि ही गोष्ट मालकाला ठाऊक असेल किंवा ठाऊक असावयास हवी असेल, तर होणाऱ्या इजेची जबाबदारी त्याच्यावर येते. "मी माणूस नेमला होता, त्याने पाहिले नाही," ही सबबही चालत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू. ह्या विषयात आपली न्यायालये जुन्या इंग्रजी निकालांचा आधार घेतात. त्यातला एक १९५० सालचा, तिथल्या हाऊस ऑफ लॉर्ड्सचा आहे. एका इमारतीच्या आवारातले एल्म जातीचे मोठे झाड मोटारीवर कोसळले. त्याच्या मुळांना रोग लागलेला होता. पण वरून झाड हिरवेगार होते आणि रोगाची कसलीच खूण दिसत नव्हती. तेव्हा आवार ज्यांच्या ताब्यात होते त्यांना दोष देता येणार नाही, असे ठरले. सारांश असा की, वाळलेल्या झाडाबद्दल मालकाला उत्तर द्यावे लागते. निरोगी दिसणारे झाड अचानक पडले, तर बहुधा द्यावे लागत नाही.

वादळाचेही असेच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. त्या दिवशी उन्मळून पडलेल्या धडधाकट माडाबद्दल कोणी कोणाला जाब विचारावा? अशा वेळी ईश्वरी कोपाचा बचाव खरा असतो. परंतु दर वर्षी येणारा मृगाचा पाऊस आणि त्याच्याबरोबरचा वारा हा काही ईश्वरी कोप नव्हे. तो येणारच, हे शाळकरी पोराला ठाऊक असते. त्या वाऱ्याने वाळकी फांदी मोडली, तर दोष वाऱ्याचा नसून फांदी तशीच ठेवणाऱ्याचा असतो.

आता मालक कोण, हे पाहू; कारण नोटीस चुकीच्या दारी गेली तर सारे मुसळ केरात. चाळीच्या किंवा वाड्याच्या सामाईक अंगणातले झाड मालकाच्याच ताब्यात राहते. ते कोणा एका भाडेकरूला दिलेले नसते. तिथे मालकाची जबाबदारी सर्वांत स्पष्ट आहे. सबंध बंगली बागेसकट भाड्याने घेतली असेल, तर बागेवर रोजची नजर भाडेकरूची असते. तिथे धोका मालकाला कळवण्याचे काम त्याचेच, आणि गप्प राहिल्यास दोषाचा वाटाही त्याच्याकडे येतो. झाड रस्त्यावरचे असेल, तर दाद महापालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे मागावयाची; तिच्याविरुद्ध दावा करण्यापूर्वी नोटीस द्यावी लागते आणि मुदती थोड्या असतात, म्हणून वकिलाला लगेच गाठावे. शेजारच्या आवारातले झाड असेल, तर तिथला मालक. आणि सहकारी सोसायटीतील सदनिका भाड्याने घेतली असेल, तर आवार सोसायटीचे असते. तेव्हा पत्र सदनिकेच्या मालकाला आणि सोसायटीच्या चिटणिसालाही लिहावे.

नुकसानीचे दोन हिशेब वेगळे ठेवावेत. एक घराचा आणि दुसरा आपल्या सामानाचा. कौले फुटली, पत्रा वाकला, भिंत खचली, हा घराचा हिशेब झाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ ह्याचे १४ वे कलम सांगते की, उलट करार नसल्यास जागा राहण्यायोग्य दुरुस्त ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. त्याने टाळाटाळ केल्यास भाडेकरूने निदान पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी. तरीही वाजवी मुदतीत काम झाले नाही तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा किंवा मालकाकडून वसूल करावा. मात्र एका वर्षात अशी वळती करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एकचतुर्थांशाहून जास्त नसावी. चार-पाच बिऱ्हाडांनी मिळून काम केले, तर ज्याच्या त्याच्या भाड्याच्या प्रमाणात खर्च वाटून घ्यावा. ज्यांचे भाडे जुने आणि नाममात्र आहे, त्यांच्या हाती ह्या कलमाने थोडेच पडते, हे खरे. पण गळके छप्पर पावसाआधी झाकले जाते, ही काही लहान गोष्ट नव्हे.

जुन्या वाड्यांतल्या भगिनींनी ह्या कलमाचा आणखी एक उपयोग ध्यानात ठेवावा. भिंतीच्या सांध्यात पिंपळाचे रोप येते. पहिल्या वर्षी दोन पाने, पाचव्या वर्षी भिंतीला चीर. हे झाड एका रात्रीत पडत नाही. ते सावकाश घर फोडते. त्यामुळे "मला कळलेच नाही" असे म्हणावयास मालकाला जागा राहत नाही, मात्र कोणी तरी ते कळवलेले असले पाहिजे.

झाड पडून घराचा मोठा भागच कायमचा निकामी झाला, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०८ व्या कलमाप्रमाणे भाडेपट्टा संपला असे ठरवण्याचा अधिकार भाडेकरूला असतो, मालकाला नव्हे. येथे एक सावधगिरीची सूचना देते. जुन्या भाड्याची जागा असेल, तर घाबरून जाऊन "आम्ही जागा सोडतो" असे काहीही लिहून देऊ नये. आज छप्पर गेले असेल. सहीबरोबर हक्कही जाईल.

सामानाचा हिशेब ह्याहून निराळा आहे. शिवणयंत्र, कपाट, दूरचित्रवाणी संच, स्कूटर ह्यांचे नुकसान भाड्यातून परस्पर कापून घेता येत नाही. त्यासाठी मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करून भरपाई मागावी लागते आणि तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. तोवर भाडे मात्र थांबवू नये. मालक घेत नसेल तर मनीऑर्डरने पाठवावे. भाडे थकले की फांदीचा विषय बाजूला पडतो आणि घर खाली करून मागण्यास मालकाला आयते निमित्त मिळते.

हल्ली पुष्कळ बिऱ्हाडे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. त्यांना वाटते, आपल्याला कसला हक्क? तसे नाही. १८८२ च्याच सुखाधिकार कायद्याचे ५७ वे कलम म्हणते की, जागेतला जो दोष राहणाऱ्याच्या जिवाला किंवा मालाला धोक्याचा आहे आणि जो देणाऱ्याला ठाऊक आहे पण घेणाऱ्याला नाही, तो देणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. बुंधा आतून पोखरलेला आहे हे माहीत असून जागा देताना जो गप्प राहतो, त्याला हे कलम गाठते.

आता माझ्या पाहण्यातली एक हकिगत सांगते. एक विधवा बाई चाळीच्या तळमजल्यावर पडवीत शिवणकाम करीत. दोन मुलांचे शिक्षण त्या यंत्रावर चालले होते. पडवीवर गुलमोहराची फांदी आलेली, आणि ती वाळलेली. बाईंनी मालकाला जाता-येता पाच-सहा वेळा सांगितले. त्यांनीही प्रत्येक वेळी "बघू, बघू" म्हटले. आषाढात फांदी पडली. पडवीचा पत्रा गेला, यंत्र मोडले, गिऱ्हाइकांचे कापड चिखलात गेले. मालक म्हणाले, "मला कोणी कधी सांगितलेच नाही." शेजारच्या बिऱ्हाडांनी ऐकलेले होते, पण मालकाविरुद्ध बोलावयास कोणी पुढे आले नाही. बाईंच्या बाजूला सत्य होते, कायदाही होता. नव्हता तो एक चिठोरा. यंत्राचे पैसे तर मिळाले नाहीतच, वर गिऱ्हाइकांच्या कापडाची भरपाई बाईंनीच हप्त्याहप्त्याने केली.

कायद्यात "बाप दाखव नाही तर श्राद्ध कर" असा रोकडा व्यवहार असतो. मालकाला ठाऊक होते काय, ह्या प्रश्नावर सारा निकाल टांगलेला आहे हे आपण पाहिले. त्याला ठाऊक होते हे दाखवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे झाड पडण्यापूर्वी त्याला लिहिलेले पत्र. ते काही अवघड नाही. नमुना असा:

"आपल्या इमारतीत तळमजल्यावर मी भाड्याने राहते. आवारातील विहिरीजवळच्या गुलमोहराची पश्चिमेकडील मोठी फांदी वाळली असून ती माझ्या पडवीवर आली आहे. बुंध्याशी पोकळी दिसते. आज काढलेले छायाचित्र सोबत जोडले आहे. पावसाळ्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी घेऊन आपण ही फांदी उतरवून घ्यावी. तसे न केल्यास होणाऱ्या नुकसानीस आपण जबाबदार राहाल."

खाली तारीख आणि सही. एक प्रत मालकाला हातोहात देऊन आपल्या प्रतीवर पोच घ्यावी. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. दुसरी प्रत महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याला द्यावी. भ्रमणध्वनीवरून संदेश जरूर पाठवावा. परंतु कागदही असू द्यावा. पत्रात भांडणाचा सूर नको. पुष्कळदा मालक वाईट नसतो, आळशी असतो. लेखी कागद हाती पडला की त्यालाही आपल्या जबाबदारीची जाणीव होते आणि काम होऊन जाते.

पत्रात काय लिहावे हे कळण्यासाठी झाडाकडे पाहावयास शिकले पाहिजे. बाकीच्या फांद्या पालवल्या तरी एक फांदी उघडीच राहिली आहे काय? बुंध्यावर किंवा मुळाशी अळंबी उगवली आहे काय? खोडाला ढोली किंवा उभी चीर आहे काय? झाड अलीकडे कलले असून दुसऱ्या बाजूची जमीन उचलली आहे काय? गटारासाठी किंवा तारांसाठी खणताना मुळे तोडली गेली काय? बुंध्याभोवती गळ्यापर्यंत सिमेंट ओतले आहे काय? शेवग्याची फांदी कशी कडकन मोडते हे तर आपण सर्वजणी जाणतो. माडाच्या वाळक्या झावळ्या आणि नारळ वेळेवर उतरवले नाहीत, तर तेही डोक्यावर येतात.

ह्यावर कोणी म्हणेल, एवढी पत्रापत्री कशाला? गडी बोलवावा आणि फांदी तोडून टाकावी. भगिनींनो, तसे मुळीच करू नका. महाराष्ट्राच्या शहरी भागांत १९७५ पासून झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा कायदा आहे. परवानगीवाचून झाड तोडणे हा गुन्हा आहे. आणि झाड जाळणे किंवा कोणत्याही रीतीने त्याला इजा करणे हेही त्या कायद्याच्या व्याख्येत तोडण्यातच मोडते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले. म्हणून अर्ज करावा, अधिकाऱ्यांनी येऊन पाहावे, आणि परवानगीप्रमाणे छाटणी व्हावी. शिवाय, मागायची ती छाटणी मागावी. एका वाळक्या फांदीसाठी सबंध झाड पाडा म्हणणे शहाणपणाचे नव्हे. त्याच झाडाखाली आपली मुले खेळतात, त्याच्याच सावलीने खोली निवते. मालकानेही अर्ज केला आणि परवानगी नाकारली गेली, तर त्याचे पुष्कळसे कर्तव्य झाले. पुढचा जाब मग नाकारणाऱ्याला विचारता येतो.

आपलेही कर्तव्य विसरू नये. झाड धोक्याचे आहे असे स्वतः लिहून द्यावयाचे आणि स्कूटर मात्र रोज त्याच्याखालीच लावावयाची, हे न्यायालयात चालत नाही. भरपाई तेवढी कमी होते. पत्र दिल्यावर यंत्र पडवीतून आत घ्यावे, पाळणा दुसरीकडे बांधावा.

एवढे करूनही झाड पडलेच, तर प्रथम माणसे बाजूला घ्यावीत. विजेच्या तारा तुटल्या असतील तर जवळ जाऊ नये. वीज कंपनीला आणि अग्निशमन दलाला कळवावे. मुंबईत महापालिकेचा १९१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मग ओंडके हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत. मोडलेल्या फांदीचा आतला भाग नीट दिसेल असे एक चित्र अवश्य घ्यावे. लाकूड आत काळे, कुजलेले होते की ओले, निरोगी होते, ह्यावरच पुढचा सारा वाद ठरतो. पंचनामा होत असेल तर आपले सामान त्यात लिहिले गेले की नाही ते वाचूनच सही करावी. नुकसानीची यादी, खरेदीच्या पावत्या आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक एकत्र ठेवावे.

आणि एक उपाय असा, ज्यात कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. तो म्हणजे विमा. १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची घराच्या विम्याची ठरावीक पॉलिसी मिळते. वादळाने होणारे नुकसान आणि पडणाऱ्या झाडाचा आघात तिच्यात धरला आहे. भाडेकरूला घराचा नव्हे, पण आपल्या सामानाचा विमा घेता येतो. वाहनाचा मात्र केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर फांदीच्या नुकसानीचे काही मिळत नाही. त्याला सर्वंकष विमा लागतो.

शेवटची शंका तुमच्या चेहऱ्यांवर दिसते आहे. "बाई, पत्र लिहिले आणि मालक रागावला, तर?" ही भीती खोटी नाही. परंतु वाळक्या फांदीबद्दल पत्र लिहिले म्हणून भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. घर खाली करण्याची कारणे कायद्याने ठरवून दिली आहेत आणि त्यांत हे नाही. लायसन्सवर राहणाऱ्यांची मुदत थोडी असते, त्यांची अडचण जास्त आहे हे मी मान्य करते. त्यावर उपाय एकीचा. एकीच्या सहीपेक्षा आठ जणींच्या सह्या मालकाला जड जातात. त्या शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या बाजूने एक जरी शेजारीण बोलली असती, तरी गोष्ट वेगळी झाली असती.

दिल्लीच्या त्या खटल्याला अपघातापासून शेवटच्या निकालापर्यंत पस्तीस वर्षे लागली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण उगीच पडलेली नाही. म्हणून माझी मंडळाला विनंती अशी की, येत्या रविवारी आपल्या सभासद भगिनींनी दोन-दोनच्या जोडीने आपापल्या चाळी, वाडे आणि सोसायट्या फिरून झाडे पाहावीत. जिथे धोका दिसेल तिथल्या भाडेकरणींना पत्र लिहून द्यावे, ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आपण लिहावे, आणि त्याची एक प्रत मंडळाच्या कपाटात ठेवावी. खर्च तो केवळ कागदाचा आणि टपालाचा.